ती धून कोणाची?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला पंचवीस मिनिटे दिली आहेत. विषय कोणता, असे विचारले तर म्हणाले, "निवृत्तीनंतर काय करतोस ते सांग." निवृत्तीनंतर मी तीन गोष्टी करतो. सकाळी दांडीच्या रस्त्याने चालतो, संध्याकाळी भजनी मंडळात पेटी धरतो, आणि रात्री जागून गाणे ऐकतो. पहिल्या दोन गोष्टींबद्दल सांगण्यासारखे काही नाही. भजनी मंडळातले दोघे समोर बसले आहेत, तेव्हा पेटीबद्दल तर बोलायलाच नको. तिसऱ्या गोष्टीबद्दल बोलतो.

आधी एक प्रश्न. रेडिओ सुरू होण्यापूर्वी जी धून वाजायची ती किती जणांना आठवते? तंबोऱ्याचा गुंजारव आणि त्यावर व्हायोलिनची ती चार वळणांची सुरावट. हात वर करा. बघा, सगळा मंडप वर झाला. पहाटे सहाच्या आत ती वाजायची. आपल्यापैकी निम्म्यांचे वडील पहिल्या पाळीला जाणारे. एमआयडीसीतल्या कारखान्यात नाहीतर अणुकेंद्रात. घरात मर्फीचा नाहीतर बुशचा रेडिओ, त्यावर क्रोशाचा रुमाल. ती धून वाजली की चहाचे आधण चढायचे आणि आपली पांघरुणे ओढली जायची. आपल्या पिढीने दुसरे कोणतेही संगीत इतक्या वेळा ऐकलेले नाही. लताबाईंचे गाणेसुद्धा नाही.

आता दुसरा प्रश्न. ती धून कोणी केली? हात वर करा.

दोन. त्यातल्या एकाला मी काल रात्री सांगितले आहे, म्हणजे खरा एकच.

तर त्यांचे नाव वॉल्टर कॉफमन. जन्म १ एप्रिल १९०७, बोहेमियातल्या कार्ल्सबाड गावी. तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आज ते चेक देशात आहे, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध. आपल्या वज्रेश्वरीची मोठी आणि महाग बहीण म्हणा. हे ज्यू घराण्यातले. बर्लिनला संगीत शिकले, प्राग इथे संगीतशास्त्राचा अभ्यास केला. डॉक्टरेट हाताशी आली होती. मग कळले, की आपले प्राध्यापक नाझी युवक संघटनेचे पुढारी आहेत. त्यांच्या हातून पदवी घ्यायची नाही, असे म्हणून कॉफमननी ती सोडली. आपल्यापैकी कितीजण सोडतील? मी तर पीएफच्या एका सहीसाठी तीन चकरा मारलेला माणूस आहे.

१९३४ साली ते मुंबईला आले. वय सव्वीस-सत्तावीस. तशी भारताशी ओळख काहीच नव्हती. भारतीय संगीताच्या तबकड्या ऐकल्या होत्या आणि त्या त्यांना मुळीच समजल्या नव्हत्या. पुढे त्यांनी स्वतःच सांगितले आहे, की हे संगीत कोट्यवधी माणसांना आवडते आणि मला कळत नाही, तेव्हा खोट माझ्यात असणार, म्हणून ते जिथे होते तिथे जाऊन ऐकले पाहिजे असे ठरवले. मला या माणसाबद्दल आपुलकी वाटू लागली ती इथून. आपल्याला न कळलेल्या गाण्याला नावे ठेवणारे पुष्कळ असतात. त्यासाठी बोटीचे तिकीट काढणारे थोडे.

मुंबईत आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता. हे मेहली मेहता म्हणजे पुढे जगभर गाजलेले वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहता यांचे वडील. पोटासाठी मोहन भवनानींच्या चित्रपटांसाठीही काम केले. १९३७ पासून आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले, ते १९४६ पर्यंत. आणि १९३६ च्या सुमारास, म्हणजे 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव पडले त्याच काळात, ही धून झाली. व्हायोलिन मेहली मेहतांचे, असे मानतात.

पेटीवाल्यांसाठी एक गोष्ट सांगतो, बाकीच्यांनी तोवर पाणी प्यावे. ती धून शिवरंजनी रागाच्या स्वरांत आहे. भूप घ्या, सा रे ग प ध, आणि त्यातला गंधार तेवढा कोमल करा. एवढाच फरक. शाळेतल्या प्रार्थनेचा भूप एका पट्टीने खाली सरकला की घरात कोणीतरी गावाला निघाल्यासारखे वाटू लागते. दूर देशाहून आलेल्या माणसाने आपल्या शेकडो रागांतून सकाळसाठी हा कसा उचलला? सकाळचे राग आपल्याकडे वेगळे, भैरव, तोडी वगैरे. शिवरंजनी काही पहाटेचा नाही. पण नव्वद वर्षांच्या सवयीने तो पहाटेचा झाला. माझ्या कानाला तर शिवरंजनी ऐकला की अजून दात घासायचे राहिलेत असे वाटते.

मुंबईतल्या बारा वर्षांत कॉफमननी नुसती धून केली नाही. रेडिओसाठी 'अनसूया' नावाची संगीतिका रचली, १९३८ साली. व्हायोलिन-पियानोच्या रचना केल्या, वाद्यवृंदासाठी लिहिले. गोंड आणि बैगा लोकांच्या गाण्यांवर १९४१ मध्ये लेख लिहून अमेरिकेतल्या मोठ्या संगीत-नियतकालिकात छापला. आपल्या जिल्ह्याच्या डोंगराळ भागात तेव्हा किती गाणी होती, ती कोणी अशी लिहून घेतली असती तर, हा विचार हे वाचताना माझ्या मनात आला. लग्नात गाणाऱ्या धवलेरी आहेत अजून, पण त्यांच्या मागे किती जणी शिकतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

१९४६ ला कॉफमन इथून गेले. आधी इंग्लंड, मग कॅनडा. विनिपेग शहराच्या वाद्यवृंदाचे ते पहिले संचालक. १९५७ पासून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. तिथे त्यांनी उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, १९६८ मध्ये. दक्षिणेच्या रागांवर दुसरा, १९७६ मध्ये. सप्टेंबर १९८४ मध्ये वारले. तोपर्यंत आणि त्यानंतरही ग्रंथांमुळे अभ्यासकांना त्यांचे नाव माहीत होते. पण ते संगीतकार होते, त्यांनी ढीगभर संगीत लिहिले होते, हे विसरले गेले. चेक लोकांच्या दृष्टीने ते जर्मन बोलणारे. जर्मनीतून त्यांची जात हद्दपार झालेली. भारतात ते साहेब. कॅनडात आले आणि गेले. अमेरिकेत प्राध्यापक. "हा आमचा" असे म्हणणारा एकही देश नाही.

हे ऐकताना बोईसरच्या माणसाला काही वाटते की नाही, सांगा. आपला वर्ग आठवा. एका बाकावर वाडवळ, शेजारी मलयाळी, मागे आंध्रातला, त्याच्या मागे उत्तर प्रदेशातला, खिडकीशी मांगेला समाजातली मुलगी. १९६९ मध्ये अणुकेंद्र सुरू झाले, मागोमाग कारखाने आले आणि सगळ्या देशाने आपली पोरे आपल्या शाळेत आणून सोडली. वडिलांची बदली झाली की बाक रिकामा. तो मुलगा नंतर कुठला झाला? इथला नाही, तिथलाही नाही. आणि ज्यांना बदली नव्हती त्यांचेही गाव हलले. पोफरण, अक्करपट्टीची घरे उठून नव्या जागी गेली. जागा बदलली की कोणत्या गोष्टी बरोबर येतात? भांडी येतात, कागद येतात, देव येतात. गाणी आली तर आली.

आता दुसऱ्या माणसाकडे येतो. हा स्कॉटलंडचा. एरिक चिझम. जन्म ग्लासगोचा, १९०४ चा. याचे आपल्याशी नाते कसे ते सांगतो, पण आधी त्याचा स्वभाव सांगतो. ग्लासगो म्हणजे जहाजे बांधणारे, लोखंड आणि धूर यांचे शहर. तिथे पंचविशीतल्या चिझमने नव्या संगीताच्या प्रसारासाठी एक मंडळ काढले आणि जगातल्या बड्या बड्या संगीतकारांना पत्रे लिहिली, की आमच्याकडे येऊन वाजवा. आणि ते आले! हंगेरीचा बार्तोक आला, जर्मनीचा हिंडेमिथ आला. १ डिसेंबर १९३० रोजी कैखुश्रू शापूरजी सोराबजी या पियानोवादकाने आपली एकच रचना तिथे वाजवली, ती चालली सुमारे चार तास. हे सोराबजी इंग्लंडात जन्मले, पण वडील मुंबईचे पारशी. पारशी म्हटले की तारापूरकरांचे कान टवकारतात म्हणून मुद्दाम सांगितले. तिथल्या अग्यारीच्या रस्त्याने आपण सायकली हाणल्या आहेत.

चिझमचे दुसरे वेड म्हणजे विसरलेल्या गोष्टी वर काढणे. बर्लिओझ या फ्रेंच संगीतकाराची 'द ट्रोजन्स' नावाची प्रचंड संगीतिका आहे, एका रात्रीत मावणार नाही अशी. ब्रिटनमध्ये ती कधी पूर्ण झालीच नव्हती. चिझमने १९३५ साली ग्लासगोत हौशी मंडळींना घेऊन ती उभी केली. आपल्या गणेशोत्सवातल्या कलावंतांनी दोन रात्रींचे महानाट्य करावे तसे. दुसऱ्यांच्या धूळ खात पडलेल्या वह्या झटकणारा हा माणूस. स्वतःच्या वह्यांचे पुढे काय होईल याची काळजी त्याने केली नाही.

महायुद्धात तो फौजेसाठी कार्यक्रम करणाऱ्या पथकाबरोबर पूर्वेकडे आला. भारत पाहिला, सिंगापुरात वाद्यवृंद उभा केला. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला विद्यापीठात संगीताचा प्राध्यापक झाला. योगायोग बघा, तेच साल. कॉफमन मुंबईहून गेले तेव्हा हा केप टाऊनला गेला. आणि १९४९ मध्ये चिझमने पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी एक मोठी रचना लिहिली. पाश्चात्त्यांकडे त्याला कॉन्चेर्तो म्हणतात. म्हणजे एकीकडे एकटा पियानोवाला आणि समोर पन्नास-साठ जणांचा वाद्यवृंद, आणि दोघांची जुगलबंदी. या कॉन्चेर्तोचे नाव त्याने ठेवले 'हिंदुस्तानी'. त्याचे तीन भाग. पहिला आसावरीवर. दुसरा श्रीवर. तिसरा वसंतवर.

मंडळी, मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते खरे वाटेना. श्री राग आणि पियानो? पेटी शिकलेल्या कोणालाही विचारा. श्रीचा तो रिषभ, अगदी खाली झुकलेला, आणि त्यावरून पंचमावर जाणारी ती खेच. ती गळ्यातून येते, सारंगीतून येते. पेटीतून येत नाही, कारण पट्टी एकदा दाबली की दाबली, दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत बोट ठेवायची सोय नाही. पियानोचेही तेच. आपल्या पेटीला याच कारणासाठी १९४० साली आकाशवाणीने दारातून हाकलले होते. साधारण तीस वर्षे रेडिओवर पेटीला बंदी! दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत पाहणारे जॉन फोल्ड्स म्हणून इंग्रज संगीतकार होते, त्यांनी पेटीच्या विरोधात लेख लिहिला होता. साहेबांचेच कशाला, खुद्द रवींद्रनाथ ठाकुरांनाही पेटी चालत नव्हती. आणि त्या बंदीच्या काळात गावोगावची भजने, कीर्तने, शाळा, नाटके कशावर चालली? पेटीवर. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी पेटीतून काय काय काढून दाखवले ते महाराष्ट्राने ऐकले होते, त्यामुळे रेडिओचे म्हणणे कोणी फारसे मनावर घेतले नाही.

असो. पेटी म्हटली की माझे असे होते.

चिझमने काय केले, तर पियानोला सतार बनवायचा प्रयत्नच केला नाही. त्याने रागातले स्वर घेतले, रागाच्या ओळखीच्या जागा घेतल्या, आणि त्यावर आपल्या पद्धतीची इमारत चढवली. मी कानाला यंत्र लावून तीन रात्री ऐकले. पहिल्या भागात आसावरी भेटतो, थोड्या वेळाने, गर्दीत ओळखीचा माणूस दिसावा तसा. दुसऱ्या भागात श्री मला शोधावा लागला. पण एकदा सापडल्यावर संध्याकाळची ती कातर वेळ तिथे होती, खेचेशिवाय होती. तिसरा भाग मला विशेष भावला नाही, फार धावाधाव आहे. माझ्या मुलीला तोच सगळ्यांत आवडला. ती टोरांटोला असते, तिचे कान वेगळे.

त्याआधीच्या पहिल्या कॉन्चेर्तोत त्याने स्कॉटलंडच्या बॅगपाइपचे संगीत पियानोवर आणले आहे. त्यांच्याकडे त्याची एक जुनी, गंभीर, संथ परंपरा आहे. आधी मूळ चाल सावकाश मांडायची, मग एकेक फेरा वाढवत, नक्षी चढवत न्यायची, आणि खालून एक स्वर अखंड चालू. हे वाचून तुम्हाला विलंबित ख्याल आठवेल. मला आठवला तारपा. जव्हारकडचा तारपकरी भोपळ्याच्या त्या वाद्यात श्वास न तोडता तासन्‌तास फुंकतो, आणि त्याच्याभोवती नाच फिरत राहतो. बॅगपाइपवाला वाऱ्यासाठी कातड्याची पिशवी काखेत धरतो, आपला तारपकरी गालाचीच पिशवी करतो. एवढाच फरक. ज्या माणसाच्या कानात लहानपणापासून असा अखंड स्वर होता, त्याला तंबोरा परका वाटला नसणार.

चिझम १९६५ मध्ये केप टाऊनला गेला, एकसष्टाव्या वर्षी. मग तेच. स्कॉटलंडच्या लोकांना तो आफ्रिकेतला प्राध्यापक, आफ्रिकेत तो स्कॉटलंडचा. पियानोच्या कितीतरी रचना हस्तलिखितात पडून राहिल्या.

आता मूळ मुद्दा. हे दोघे परत कसे सापडले?

आपल्याला वाटते एखादा मोठा समीक्षक लेख लिहितो आणि विस्मृतीतला माणूस उजेडात येतो. तसे होत नाही. चिझमच्या बाबतीत त्याची मुलगी मोरॅग हिने वडिलांच्या नावे विश्वस्त निधी उभा केला. मरी मॅकलॅकलन नावाचा पियानोवादक पुढे आला आणि त्याने एकामागून एक सीडींवर चिझमच्या पियानो-रचना वाजवून ठेवल्या. जॉन पर्सर यांनी चरित्र लिहिले, ते २००९ मध्ये आले. आणि २०१२ मध्ये डॅनी ड्रायव्हर या पियानोवादकाने बीबीसीच्या स्कॉटिश वाद्यवृंदाबरोबर वाजवलेला तो 'हिंदुस्तानी' बाजारात आला. १९४९ ची रचना. त्रेसष्ट वर्षे.

कॉफमनचे कागद इंडियाना विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते. टोरांटोच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीत 'एआरसी एन्सांबल' नावाचा वादकांचा गट आहे. नाझींमुळे देशोधडीला लागलेल्या संगीतकारांच्या रचना शोधायच्या आणि वाजवायच्या, हे त्यांनी व्रत घेतले आहे. त्यांनी कॉफमनच्या वह्या काढल्या, आणि २०२० मध्ये त्यांच्या रचनांची सीडी आली. त्यातले सगळे पहिल्यांदाच ध्वनिमुद्रित झालेले. माझ्या मुलीने ती मला पाठवली, "बाबा, यात तुमचा रेडिओ आहे" अशी चिठ्ठी लावून. कुठे मध्य युरोपातल्या नाचाचा ठेका ऐकू येतो आणि त्याच्या पोटातून आपल्या ओळखीची स्वरावली डोके काढते. हे संगीत एका माणसाने आपल्या मुंबईत, वॉर्डन रोडच्या उकाड्यात बसून लिहिले, आणि आपण ते टोरांटोमार्गे ऐकतो.

यात कष्टाचा भाग कोणता, तो लक्षात घ्या. हस्तलिखित म्हणजे छापील पुस्तक नव्हे. शाई उडालेली असते, खाडाखोड असते. चार वादक असतील तर प्रत्येकाला त्याचा भाग वेगळा काढून लिहून द्यावा लागतो. मग तालमी. तालमीत कळते की अमुक स्वर चुकून लिहिला असावा, पण लिहिणारा हयात नाही, विचारणार कोणाला? मग चौघे वाद घालतात आणि ठरवतात. कागदावरचे संगीत मुके असते. कोणीतरी बसून वाजवले तरच ते आहे. आणि मुळात कोणीतरी तो कागद पावसाळ्यापासून, वाळवीपासून आणि घरातल्या दिवाळीच्या साफसफाईपासून वाचवलेला असावा लागतो. या तिन्हींत साफसफाई सगळ्यांत वाईट.

आता मी तुम्हाला आपल्या पेटीवाल्या सरांकडे नेतो. हसू नका, मला माहीत होते नाव काढले की मागची ओळ हसणार. त्यांचे नाव मी इथे घेत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ते छापू नये असे मला वाटते. बेळगावकडचे. 'ळ' ठासून म्हणायचे. तासिका तत्त्वावर होते, म्हणजे हजेरीपटावरच्या कायम शिक्षकांत नव्हते, म्हणून शाळेच्या कोणत्याही जुन्या छायाचित्रात ते सापडत नाहीत. सहा वर्षे होते. त्या सहा वर्षांत पाठ्यपुस्तकातल्या कवितांना, पंधरा ऑगस्टच्या गाण्यांना, निरोप समारंभाच्या गाण्याला त्यांनी चाली लावल्या. आपले शाळागीतही त्यांचेच. आजच्या मुलांनी सकाळी म्हटले ना, ते. पण चाल बदलली आहे मंडळी. मूळ चालीत धृपदाच्या शेवटी कोमल निषाद होता. आज तो शुद्ध झाला. कोणी मुद्दाम केले नाही. चाल तोंडातोंडी चालली की खाचखळगे घासले जातात, ओढ्यातल्या गोट्यासारखे. सरांची ती एक जागा होती, जिथे गाणे क्षणभर मान तिरकी करून बघायचे, ती गेली.

भूपाचा गंधार कोमल करून "ही बघा तुमची रेडिओची धून" असे पेटीवर दाखवणारे तेच. आमच्यातल्या एकाने विचारले, "सर, ही कोणी केली?" सर म्हणाले, "कोणीतरी साहेब होता म्हणतात. नाव पत्ता नाही." आणि पुढे म्हणाले, "पण चाल बघा कशी चिकटून बसलीय." माझ्या डोक्यात तो प्रश्न पन्नास वर्षे होता. त्याचे उत्तर देणारा मी तुमच्यापुढे उभा आहे, पण ते ऐकायला सर नाहीत. सात वर्षांपूर्वी मुलाकडे असताना वारले, असे उशिरा समजले.

गेल्या वर्षी आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीने घर बदलताना तिची सातवीची वही मला दाखवली. त्यात सरांनी फळ्यावर लिहून दिलेले स्वरलेखन आहे, शाईच्या पेनाने, खाली मात्रांच्या रेघा. चार गाणी. ती वही आणि तिघांची आठवण एवढ्या भांडवलावर आम्ही पावसाळ्यात दर रविवारी बसलो. माझ्या घरी पेटी, एक जण चिंचणीहून यायचा, ती पालघरहून शटलने. वाद खूप झाले. "सर इथे थांबायचे," "नाही, थांबायचे नाहीत, तुझा श्वास पुरत नव्हता म्हणून तू थांबायचास." शेवटी अकरा चाली लिहून झाल्या. माझ्या अंदाजाने सरांनी तीसेक तरी केल्या असतील.

सर काही कॉफमन नव्हते, चिझम नव्हते, हे मला कळते. पण आपल्याला पहिला कोमल गंधार त्यांनी ऐकवला. आणि कॉफमनसाठी टोरांटो आहे, चिझमसाठी त्याची मुलगी आहे. सरांसाठी या मंडपाबाहेर कोणीही नाही. जास्तीत जास्त वीस वर्षे, मग या मंडपातही नसेल. मी हिशेब केला आहे.

म्हणून काम सांगतो. जेवणानंतर तीन वाजता जुन्या प्रयोगशाळेच्या खोलीत पेटी आणि मोबाइल घेऊन आम्ही बसणार आहोत. पेटी काळी दोनमध्ये लावली आहे, बायकांना चढे वाटले तर खाली घेऊ. ज्यांना सरांच्या ज्या ओळी आठवत असतील त्या येऊन म्हणा. शब्द आठवत नसतील तर नुसते गुणगुणा, तेही चालेल. आवाज बसला असेल तरी चालेल. आम्ही आवाज जमवत नाही, स्वर जमवतोय. एकाच गाण्याच्या दोन आठवणी निघाल्या तर भांडायचे नाही, दोन्ही लिहू. ज्यांच्या घरी जुन्या वह्या आहेत त्यांनी दिवाळीच्या आधी माळे तपासा, नंतर उपयोग नाही. स्वरलिपी वाचता येते अशी दोन मुले सध्याच्या नववीत आहेत, त्यांनाही बोलावले आहे, कारण आम्ही लिहिलेले त्यांना वाजवता आले नाही तर आमच्या लिहिण्यात खोट आहे.

निरोप समारंभाच्या गाण्याचा दुसरा अंतरा अजून एकालाही आठवलेला नाही. पहिला अंतरा मंद्रात उतरतो, तिसरा थेट तार षड्जावर सुरू होतो. मध्ये काहीतरी जिना असणार. १९७८ च्या दहावीची तुकडी मागच्या दोन ओळींत बसली आहे. ते गाणे तुमच्यासाठीच पहिल्यांदा बसवले होते. तुम्ही तीनला या, उशीर करू नका. साडेपाचची गाडी पकडायची घाई आहे तुम्हाला, ती मला माहीत आहे.